'आय वॉज बोअरिंग' लिहिल्यावर मॅनेजर का हसला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या आयटी कंपनीत नोकरी, शिक्षण मराठी माध्यमातून, मॅनेजर लंडनला. दोन तासांचं ऑनलाइन ट्रेनिंग संपल्यावर त्याने 'कसं वाटलं?' असं विचारलं आणि तुम्ही चॅटवर लिहिलंत, 'आय वॉज अ लिटल बोअरिंग'. हसऱ्या इमोजींचा पाऊस पडला. एक मित्र म्हणाला, बोअरिंग नाही रे, बोअर्ड. दुसरा म्हणाला, 'डल' लिहायचं, ते सभ्य वाटतं. आता तुम्ही विचारताय की यातलं बरोबर काय, डल आणि बोअरिंग एकच का, आणि 'आय अ‍ॅम फीलिंग डल टुडे' हे आपण सगळे म्हणतो ते तरी चालतं का.

पहिल्या मित्राने सांगितलेला नियम बरोबरच आहे. जे कंटाळा आणतं ते बोअरिंग, ज्याला कंटाळा येतो तो बोअर्ड. पण हा नियम शाळेतही कुणीतरी फळ्यावर लिहून दिला असणार. तेवढ्याने काम भागलं असतं तर चॅटवर ते वाक्य गेलंच नसतं. मी नोकरदार मंडळींना इंग्रजी शिकवते आणि उरलेल्या वेळात भाषांतरं करते. ही चूक नियम पाठ असलेली माणसंही करतात, हे मी वर्गात सतत बघते. तिचं मूळ आपल्या मराठीत आहे, म्हणून आधी मराठीकडेच बघू.

'मला बोअर होतंय', 'पिक्चर बोअर आहे', 'जाम बोअर झालं यार', 'बोअर नको करूस'. चारही वाक्यांत शब्द तोच आणि रूपही तेच. इंग्रजीत या चार ठिकाणी बोअर्ड, बोअरिंग, बोअर अशी वेगवेगळी रूपं लागली असती. आपण मात्र बोअर हा शब्द उचलला, त्याच्या शेपट्या कापल्या आणि त्याला थेट 'कंटाळा'च्या पाटावर नेऊन बसवला. तो आता मराठी शब्द आहे, मराठीच्याच व्याकरणाने चालतो. आणि मराठीत अशा गोष्टी माणसाकडे येतात. भूक लागते, झोप येते, थंडी वाजते, राग येतो, कंटाळा येतो. माणूस बाजूला 'मला' होऊन बसलेला असतो. इंग्रजीत माणूसच वाक्याचा मालक असतो आणि विशेषण त्याला चिकटतं: आय अ‍ॅम हंग्री, आय अ‍ॅम कोल्ड, आय अ‍ॅम बोअर्ड.

आता नेमकी गाडी कुठे घसरते ते बघा. 'मी जातोय' म्हणजे आय अ‍ॅम गोइंग, 'मी लिहितोय' म्हणजे आय अ‍ॅम रायटिंग, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग 'मला बोअर होतंय' यातलं ते 'होतंय' हळूच आयएनजी मागतं आणि तोंडातून निघतं, आय अ‍ॅम बोअरिंग. तुम्हाला सांगायची होती चालू असलेली क्रिया. ऐकणाऱ्याला ऐकू आला तुमचा स्वभाव: 'मी जरा कंटाळवाणा माणूस होतो.' हसू त्याचं आलं.

यावर वर्गात मी एक उपाय सांगते. बोअर हा शब्द मनातून काढून टाका आणि वाक्य खऱ्या मराठी विशेषणात करून बघा. आपल्याकडे जोडी तयार आहे: कंटाळवाणा आणि कंटाळलेला. 'ट्रेनिंग कंटाळवाणं होतं', 'मी कंटाळलेलो होतो'. ही दोन रूपं मराठी माणूस झोपेतसुद्धा उलटसुलट करणार नाही. कंटाळवाणा तिथे बोअरिंग, कंटाळलेला तिथे बोअर्ड, एवढंच. अशीच दुसरी जोडी म्हणजे लाजिरवाणा आणि लाजलेला. लाजिरवाणा प्रसंग असतो आणि त्यात सापडलेला माणूस लाजलेला असतो. एम्बॅरसिंग आणि एम्बॅरस्ड यांचं तसंच आहे. कन्फ्यूजिंग-कन्फ्यूज्ड, टायरिंग-टायर्ड, इंटरेस्टिंग-इंटरेस्टेड यांना मराठीत इतक्या सुबक जोड्या नाहीत, पण एक जोडी हाताशी असली की बाकीच्या तिच्यामागे चालतात. 'आय अ‍ॅम कन्फ्यूजिंग' हे वाक्य मी बोअरिंगपेक्षाही जास्त ऐकते आणि ते जास्त महागात पडतं. क्लायंटसमोर तुम्ही कबूल करता की मी लोकांना गोंधळात टाकतो.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. 'अ‍ॅम आय बोअरिंग यू?' हे वाक्य अगदी शुद्ध आहे. तिथे बोअरिंग हे क्रियापद आहे, पुढे 'यू' हे कर्म आहे, आणि अर्थ 'मी तुम्हाला कंटाळा तर आणत नाहीये ना?' असा. पुढे असं कर्म दिसलं तर आयएनजीला घाबरू नका.

(जाता जाता: गावाकडच्या माणसासाठी बोअर म्हणजे विहिरीऐवजी घेतलेलं बोअरवेल. 'शेतात बोअर मारली, पाणी नाही लागलं.' शहरातला पोरगा 'काय बोअर मारतोय' म्हणतो तेव्हा वक्त्याकडे बघत असतो. इंग्रजीतही भोक पाडणं आणि कंटाळा आणणं यांची अक्षरं एकच. इलॉन मस्क यांच्या बोगदे खणणाऱ्या कंपनीचं नाव 'द बोअरिंग कंपनी' आहे ते याच कोटीवर, आणि ही कोटी मराठीत भाषांतर न करताही चालते, असं भाग्य फार थोड्या कोट्यांना लाभतं.)

इथपर्यंत व्याकरण झालं. पण तुमच्या प्रश्नात न विचारलेला एक भाग आहे आणि माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. बोअर्ड म्हणजे कंटाळलेला हे खरं, पण कंटाळा म्हणजे दर वेळी बोअर्डम असं नाही. आपला कंटाळा फार मोठा शब्द आहे.

'आज जिमला जायचा कंटाळा आलाय.' यात रुची संपण्याचा काही संबंध नाही. अंगात आळस आहे, उठवत नाही, एवढंच. 'भांडी घासायचा कंटाळा करू नकोस' असं आई म्हणते तेव्हा ती टाळाटाळीबद्दल बोलत असते. हे इंग्रजीत बोअर्ड घालून सांगायला गेलात तर वाक्य मोडतं. 'आय अ‍ॅम बोअर्ड टु कम टु द ऑफिस' असं मी खरोखर एका मेलमध्ये वाचलंय. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की आज यावंसं वाटत नाही, घरून काम करतो. तिथे 'आय डोन्ट फील लाइक कमिंग इन' हवं. मित्राशी बोलताना ब्रिटिश माणूस 'आय कान्ट बी बॉदर्ड' म्हणेल, साहेबाला मात्र म्हणणार नाही.

मग तिसरा कंटाळा. 'रोजच्या कटकटीला कंटाळलो', 'या खड्ड्यांना कंटाळलोय'. खड्डे काही रटाळ नसतात, उलट ते फारच जागं ठेवतात. इथे सहनशक्ती संपली आहे. इंग्रजीत हे 'फेड अप' किंवा 'सिक ऑफ'. मराठीत या उतरंडीला वेगळे शब्दही आहेत. कंटाळा येतो, त्याच्या पुढची पायरी वीट येण्याची, त्याच्याही पुढे उबग. आमरसाचा वीट येऊ शकतो, राजकारणाचा उबग येतो. बोलताना मात्र आपण सगळं 'कंटाळलो'मध्येच कोंबतो आणि ऐकणाऱ्याला ते कळतंही.

भाषांतरात हे गंभीर होतं. वर्तमानपत्रात 'आजारपणाला कंटाळून' हा शब्दप्रयोग आत्महत्येच्या बातमीत येतो. यंत्राने किंवा नवशिक्याने तिथे बोअर्ड घातलं तर इंग्रजी वाक्य नुसतं चुकीचं राहत नाही, मेलेल्या माणसाची थट्टा होते. तिथला कंटाळा म्हणजे वेदना असह्य होणं, आशा सुटणं. अशी वाक्यं तपासायला आली की 'कंटाळून' दिसताक्षणी मी थांबते आणि आधी ठरवते की हा कुठला कंटाळा: रुची गेल्याचा, आळसाचा, की जीव नकोसा झाल्याचा. फक्त पहिल्याला बोअर्ड मिळतं.

शब्दयोगी अव्ययाचंही सांगून टाकते, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. बोअर्ड विथ आणि बोअर्ड बाय हे दोन्ही निर्धास्त वापरा. बोअर्ड ऑफ हे तुलनेने नवं, तरुण मंडळी सर्रास बोलतात, पण औपचारिक लेखनात काही संपादक अजून त्याच्यावर लाल रेघ मारतात. मेलमध्ये विथ लिहा, गप्पांत काहीही म्हणा.

आता डल. तुमचा दुसरा मित्र म्हणतो की ते सभ्य. मला तसं वाटत नाही.

बोअरिंग हा शब्द परिणाम सांगतो: या गोष्टीने मला कंटाळा आणला. डल हा शब्द गुण सांगतो: या गोष्टीत धार, चमक, जोर नाही. म्हणून डलचा पसारा फार मोठा आहे. सुरी डल असते, रंग डल असतो, हवा डल असते, दुखणं डल असतं, आवाज डल असतो, बाजार डल असतो आणि भाषणही. मराठीत यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र शब्द आहे आणि भाषांतरात मला सगळ्यात मजा इथे येते. सुरी बोथट. रंग मळकट किंवा विटलेला. फिकट नव्हे, कारण फिकट रंग छान उजळही असू शकतो. हवा असेल तर मळभ आलेलं. तडा गेलेलं मडकं वाजवलं की जो आवाज येतो तो बद्द. बाजार असेल तर व्यापारी 'मालाला उठाव नाही' म्हणतो, आणि त्याला 'बाजार निस्तेज आहे' असं भाषांतर वाचायला दिलंत तर तो तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल.

दुखण्याचं जरा थांबून सांगते, कारण दवाखान्यातल्या प्रश्नावल्यांची भाषांतरं माझ्याकडे येतात. इंग्रजीत रुग्णाला विचारतात, वेदना शार्प आहे की डल? कोशातून उतरवलेल्या मराठीत त्याचं 'तीक्ष्ण की मंद' होतं, आणि रुग्ण गोंधळतो, कारण मंद म्हणजे कमी असं त्याला वाटतं. डल दुखणं कमी असेलच असं नाही. ते खोल, सतत, एका जागी बोट ठेवता येऊ नये असं दुखणं असतं, आणि ते चांगलं जोरातही असू शकतं. 'कळ येते की सतत बारीक दुखत राहतं?' असं विचारलं की आजी लगेच सांगतात. हा 'बारीक' शब्दसुद्धा सगळीकडे सारखा चालत नाही. म्हणून भाषांतर छापण्याआधी ते त्या भागातल्या परिचारिकेला दाखवायचं, असा माझा आग्रह असतो.

माणसाला डल म्हटलं की काय होतं? तुमचा तिसरा प्रश्न इथे येतो. 'पोरगं आज डल दिसतंय' म्हणजे मराठीत मलूल दिसतंय, खेळत नाहीये, ताप तर नाही ना. 'आय अ‍ॅम फीलिंग डल' हे भारतात सगळीकडे याच अर्थाने बोलतात आणि भारतात ते बिनधास्त चालतं. हैदराबादचा सहकारीही बरोबर समजेल. पण लंडनच्या मॅनेजरला 'माय सन इज डल टुडे' लिहिलंत, तर त्याच्या कानावर पडतं की मुलगा नीरस आहे किंवा बुद्धीने जड आहे. या शब्दाचा जुना अर्थच तो आहे. प्राचीन इंग्रजीतल्या त्याच्या पूर्वजाचा अर्थ मूर्ख असा होता. धार नसणं, चमक नसणं हे नंतर आलं. आपल्या वर्गात 'डल स्टुडंट' म्हणायचे तो तोच जुना अर्थ, मराठीतला 'ढ'. नुसतं काम आणि खेळ नाही म्हणून जॅक 'डल बॉय' होतो, ही म्हण जेम्स हॉवेल यांच्या 1659 च्या म्हणींच्या संग्रहात आहे, आणि जॅक तिथे रटाळ झाला की मठ्ठ, यावर वर्गात दोन तट पडतात. मला दोन्ही थोडंथोडं वाटतं. तेव्हा परदेशी माणसाशी बोलताना मरगळ सांगायची असेल तर 'आय अ‍ॅम अ बिट अंडर द वेदर' किंवा साधं 'आय अ‍ॅम टायर्ड' म्हणा. मुलाबद्दल 'ही इज नॉट हिमसेल्फ टुडे' हे फार चांगलं वाक्य आहे.

या शब्दांवर इंग्रजीभाषक स्वतःही हसतात, हे माहीत असावं. अमेरिकेत ऑरेगन राज्यात बोअरिंग नावाचं गाव आहे. विल्यम बोअरिंग या तिथल्या जुन्या रहिवाशाचं आडनाव गावाला मिळालं. स्कॉटलंडमध्ये पर्थशायर भागात डल नावाचं चिमुकलं खेडं आहे. 2012 मध्ये या दोघांनी जोडगाव म्हणून नातं जोडलं, आणि नंतर ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधला ब्लँड हा भागही त्यांना येऊन मिळाला. ब्लँड म्हणजे मिळमिळीत. बोअरिंग गावाला डलचं नाव मिळालं असतं तरी विनोद झाला असता, पण वेगळा, कारण गाव रटाळ असणं वेगळं आणि गाव मठ्ठ असणं वेगळं.

आता तुमच्या ट्रेनिंगकडे. मॅनेजरला खरं काय सांगायचं हे कोण विचारतंय आणि कशासाठी विचारतंय यावर अवलंबून आहे. जवळच्या सहकाऱ्याला 'इट वॉज सो बोअरिंग' म्हणालात तर काहीच बिघडत नाही. ज्याने ते सत्र आखलं त्यालाच तुम्ही लिहीत असाल तर बोअरिंग हा शब्द, व्याकरणाने बरोबर असला तरी, जड पडतो. डल तर आणखी जड, कारण बोअरिंगमध्ये निदान 'मला वाटलं' अशी सोय आहे. डल थेट मालाला नाव ठेवतं. त्यात ब्रिटिश माणूस नापसंती फार गुंडाळून सांगतो. तिथे 'अ बिट ड्राय' हे बऱ्यापैकी कडक मत असतं. अमेरिकन टीमशी थोडं मोकळं बोललेलं चालतं, तरी मी लेखी फीडबॅकमध्ये दोन्ही शब्द टाळते.

त्याचं कारण सभ्यतेपेक्षा उपयोगाचं आहे. 'बोअरिंग' वाचून समोरच्याला काय दुरुस्त करायचं ते कळत नाही. मराठीत विचार करून बघा: ते ट्रेनिंग रटाळ होतं म्हणजे नक्की काय होतं? पाल्हाळिक होतं, म्हणजे एका मुद्द्यासाठी दहा स्लाइडी? मग 'अ बिट लाँग'. रूक्ष होतं, म्हणजे उदाहरणंच नव्हती? 'अ बिट ड्राय'. एकसुरी होतं, सगळं एकाच पट्टीत वाचून दाखवलं? इंग्रजी 'मोनोटनस'ची फोड एक आणि सूर अशीच आहे, पण हा शब्द बोलणाऱ्याच्या वर्मी लागतो, जपून वापरा. की तुम्हाला ते आधीच येत होतं? मग दोष ट्रेनिंगचा नाहीच, 'आय वॉज ऑलरेडी फॅमिलिअर विथ मोस्ट ऑफ इट' लिहा. ही फोड आधी मराठीत करा. आपल्याकडे या बाबतीत शब्दांची चंगळ आहे: सपक, मिळमिळीत, पांचट, अळणी, बोजड, गुऱ्हाळ, चऱ्हाट, तेच ते दळण. जो माणूस 'त्याने नुसतं गुऱ्हाळ लावलं होतं' असं नेमकं सांगू शकतो, त्याला इंग्रजीत एका बोअरिंगवर अडून राहायचं काही कारण नाही.

उलट दिशेने, म्हणजे इंग्रजीतून मराठीत येतानाही हीच चंगळ कामाला येते. सबटायटलमध्ये शाळकरी पोरगी डोळे फिरवून 'बोअरिंग!' म्हणते, तिच्या तोंडी 'कंटाळवाणं!' घातलं तर ती पन्नाशीची होते. मी 'बोअर!' ठेवते, किंवा प्रसंग बघून 'पकवू नकोस ना' किंवा 'डोकं नको खाऊस'. तेच एखादा म्हातारा प्राध्यापक म्हणत असेल तर 'चर्पटपंजरी पुरे' शोभेल. शब्द एकच, पण तो कुणाच्या तोंडी आहे त्यावर मराठी ठरतं.

आणखी एक, तुम्ही आयटीत आहात म्हणून. तुमच्या टीममधला कुणी परदेशी इंजिनिअर 'लेट्स यूज समथिंग बोअरिंग' म्हणाला तर ती तक्रार समजू नका. त्या जगात बोअरिंग टेक्नॉलॉजी ही चक्क शाबासकी आहे: जुनी, पारखलेली, रात्री दोनला फोन करून न उठवणारी. याच अर्थाने 'नाइस अँड बोअरिंग' असंही म्हणतात. मराठीत तिथे कंटाळवाणा अजिबात चालणार नाही. 'बिनबोभाट चालणारं' म्हटलं की जमतं.

चॅटवरचं ते वाक्य आता जुनं झालं, त्याची दुरुस्ती पाठवत बसू नका. पुढच्या वेळी त्याने विचारलं तर हे पाठवा: 'थँक्स, द फर्स्ट हाफ वॉज यूसफुल. द सेकंड हाफ फेल्ट अ बिट लाँग, अ फ्यू मोअर एक्झाम्पल्स वुड हेल्प.' आणि त्याने खासगीत 'वर यू बोअर्ड?' असं विचारलंच, तर 'अ लिटल, येस' म्हणायला काहीच हरकत नाही.